धुळीवरचा राग

सुलभा मुधोळकर रागीट होत्या. पाठीमागे हे सगळी प्रयोगशाळा म्हणायची आणि तोंडावर त्यांचा नवरा म्हणायचा. त्या स्वतः म्हणायच्या, "मी रागीट नाही. डोकं जागेवर असलेल्या माणसाला राग येणारच, अशी ही जागा आहे." आणि जागा तशी होती, यात काही खोटं नाही.

जागा म्हणजे बेंगळुरूच्या पूर्वेला, महादेवपुऱ्याच्या रस्त्यावरची एक सरकारी प्रयोगशाळा. कारखान्यांत बनलेले सुटे भाग तिथे यायचे, त्यांना तापवून, दाबून, हजारदा उघडबंद करून बघायचे आणि टिकले तर प्रमाणपत्र द्यायचं, हे काम. सुलभाबाई तिथे लागल्या तेव्हा तांत्रिक सहायक होत्या, आणि अठरा वर्षांनी, एकोणीसशे सत्त्याण्णव साल उजाडलं तरी तांत्रिक सहायकच होत्या. ज्यांना त्यांनी मीटर कसा लावायचा हे हाताला धरून शिकवलं ते त्यांच्या डोक्यावरून अधिकारी होऊन गेले. दर वेळी बढतीची यादी लागली की बाई ती नीट वाचायच्या, आपलं नाव नाही याची खात्री करायच्या आणि दिवसभर स्क्रूड्रायव्हर जरा जास्तच जोरात पिळायच्या.

त्यांच्या रागाची एक गंमत होती. साहेबांशी इंग्रजीत बोलावं लागे. इंग्रजीत त्यांना रागावता येत नसे. कितीही डोकं फिरलेलं असलं तरी तोंडातून "सर, काइंडली सी" हेच निघायचं. कानडी त्यांना लहानपणापासून येत होती, पण ती भाजीवाल्याची, शेजारणीची, रिक्षावाल्याची कानडी. त्या कानडीत "स्वल्प अड्जस्ट माडि", जरा सांभाळून घ्या, म्हणता येतं, कुणाची खरडपट्टी काढता येत नाही. राग यायचा तो मराठीत. वडील जमखंडीकडून नोकरीसाठी इथे आले, बाई इथेच वाढल्या, तरी घरात मराठीच. त्यामुळे दिवसभर गिळलेला राग संध्याकाळी घरी पोचायचा आणि नवरा पद्माकर, स्वतः सरकारी कारखान्यात इंजिनिअर असलेला शांत माणूस, वर्तमानपत्र तोंडासमोर धरून तो ऐकून घ्यायचा.

त्या वर्षी रागाला नवीन कारण मिळालं. ते म्हणजे धूळ.

प्रयोगशाळेच्या कुंपणापलीकडे संगणक कंपन्यांसाठी मोठमोठ्या इमारती उठत होत्या. दिवसभर दगड कापायचं काम चाले, तांबडी माती उकरली जाई, लॉऱ्या जात. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत सकाळी टेबलावर बोट फिरवलं की दुपारी त्याच जागी पुन्हा बोट उमटायचं. आणि नेमका त्याच खोलीत सुलभाबाईंचा संगणक होता. छोटा, आडवा. टेलिफोनच्या दोन डिरेक्टऱ्या एकावर एक ठेवल्या तर जेवढं होईल तेवढाच. टेबलावर जागा नाही म्हणून मुद्दाम असा आटोपशीर घेतला होता. वातानुकूलित खोली मागितली तर उत्तर आलं, ती पाहुण्यांसाठी आहे.

या संगणकाकडे एकच काम होतं. रेल्वेच्या ब्रेकमध्ये बसणारी एक झडप हजार तास सलग उघडबंद करायची आणि दर मिनिटाला तिचा दाब आणि तापमान लिहून ठेवायचं. पक्कं सांगायचं तर बेचाळीस दिवस, म्हणजे एक हजार आठ तास. मध्ये एक मिनिटही खंड पडला की मोजणी पुन्हा शून्यापासून. पहिल्या खेपेला संगणक अकराव्या दिवशी जागच्या जागी गोठला. दुसऱ्या खेपेला एकोणिसाव्या दिवशी. विभागप्रमुख पद्मनाभ साहेब, म्हैसूरकडचे, कधीही आवाज न चढवणारे गृहस्थ. त्यांनी बाईंना बोलावून तितक्याच हळू आवाजात सांगितलं की तिसरी खेप शेवटची. तीही फसली तर हा विभाग बंद, आणि मिसेस मुधोळकर जावक विभागात. पत्रांवर तिकिटं लावायला. तसं पत्र टाइप होऊन तयार आहे हेही त्यांनी सांगितलं, म्हणजे बाईंना तयारीला वेळ मिळावा.

"थँक यू सर," म्हणून बाई बाहेर आल्या.

दुरुस्तीला आलेला माणूस एवढंच म्हणून गेला की मॅडम, एसीत ठेवा. तो गेल्यावर बाईंनी स्वतः चार स्क्रू काढले आणि झाकण उघडलं. आत पंख्यावर आणि उष्णता काढणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर धुळीचा थर बसला होता, तांबूस, जाड, चिमटीने सोलून निघेल असा. एवढ्याशा डब्यात हवा खेळायला आधीच जागा कमी, त्यात पात्यांना ही गोधडी. तो तापणार नाही तर काय करणार? बाईंनी तो थर कागदाच्या पुडीत बांधून साहेबांना नेऊन दाखवला. साहेब म्हणाले, व्हेरी इंटरेस्टिंग.

मग बाईंनी ठरवलं की धूळ आत जाऊच द्यायची नाही.

पहिला फिल्टर त्यांनी पद्माकररावांच्या पंच्याचा केला. दुपदरी घडी, समोरच्या फटींवर चिकटपट्टीने ताणून बसवली. धूळ थांबली आणि हवाही थांबली. तापमान मोजायची एक तार शिल्लक होती, ती बाईंनी संगणकाच्याच पोटात सोडली होती, त्यामुळे पडद्यावर झडपेच्या आकड्यांशेजारी त्याचा स्वतःचाही आकडा दिसायचा. तीन तासांत तो एक्कावन्नवर गेला आणि संगणक गोठला. नशीब, परीक्षा अजून सुरू केली नव्हती. पण आकडा कळला. पन्नासच्या पुढे जाऊ द्यायचं नाही.

दुसरा मच्छरदाणीचा. त्यातून हवा मजेत जायची आणि धूळही मजेत जायची.

तिसऱ्यासाठी बाईंनी कपाट उपसलं आणि लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीची नायलॉनची साडी काढली. झुळझुळीत, बारीक विणीची. पद्माकरराव म्हणाले, "अगं, ती साडी..." बाई म्हणाल्या, "वीस वर्षांत नेसले का? मग?" आणि कात्री चालवली. दोन पदर, एक उभा, एक तिरपा. चौकट मिळाली ती मुलीच्या, वेदिकाच्या, जुन्या शाळेच्या पाटीची. फुटकी पाटी काढून टाकली, लाकडी चौकटीवर नायलॉन ताणून बारीक खिळे मारले, कडेने इलॅस्टिक लावलं की चौकट डब्याला घट्ट बसे. बाकीच्या सगळ्या फटी चिकटपट्टीने बुजवल्या, म्हणजे हवा आत जाईल ती फिल्टरमधूनच. असे दोन फिल्टर केले. एक लावलेला, एक धुतलेला. सोमवारी आणि गुरुवारी अदलाबदल. साबणाच्या पाण्यात धुवायचा, सावलीत पूर्ण वाळवायचा, ओलसर अजिबात लावायचा नाही. आकडा अडतीस ते एकेचाळीसमध्ये राहू लागला. बाईंनी सप्टेंबरच्या मध्यावर तिसरी खेप सुरू केली आणि खोलीच्या दाराला स्वतःच्या हाताने पाटी लावली, इंग्रजीत आणि कानडीत, की या यंत्राला कुणीही हात लावू नये.

आता राहिली खोलीतली धूळ, आणि तिच्यासाठी बाईंना रागवायला हक्काचं माणूस मिळालं. चंद्राबाई.

चंद्राबाई ही ठेकेदाराकडची झाडूवाली. चाळिशीची, अथणीकडची, त्यामुळे मराठी. अख्ख्या तिसऱ्या मजल्यावर मराठी समजणाऱ्या दोनच बायका, एक सुलभाबाई आणि दुसरी ही. ती रोज सकाळी कोरडा झाडू घेऊन यायची आणि फरशीवरची सगळी धूळ उचलून हवेत द्यायची. बाईंचं टाळकं सरकायचं.

"ओलं फडकं फिरवता येत नाही तुला? किती वेळा सांगायचं? डोळे आहेत की बटणं? बेचाळीस दिवस जीव मुठीत धरून बसायचंय मला इथे, आणि तू माझ्यावर माती उडवतेस!"

चंद्राबाई काही बोलत नसे. झाडू टेकवून, मान खाली घालून उभी राही, बाईंचं संपलं की पुढचा कोपरा घेई. तिच्या गप्प बसण्यानं बाईंना आणखी चेव यायचा. साहेबांचं "व्हेरी इंटरेस्टिंग", बढतीची यादी, पाहुण्यांची थंड खोली, जावक विभागाचं पत्र, सगळं त्या पाच मिनिटांत चंद्राबाईच्या डोक्यावर रिकामं व्हायचं. रिकामं झालं की बाईंना जरा बरं वाटायचं आणि त्या कामाला लागायच्या. त्या मनाने वाईट होत्या असं मुळीच नाही. पण रोज सकाळी नऊ वाजता त्या एका बाईला कुत्र्यासारखं बोलत होत्या, हेही खरंच.

परीक्षेच्या सव्विसाव्या दिवशी आयुधपूजा आली. आपल्याकडची खंडेनवमी तीच, पण बेंगळुरूत तिचा थाट वेगळा. लॉरीपासून लेथपर्यंत आणि टाइपरायटरपासून तराजूपर्यंत सगळ्यांना आंघोळ, सगळ्यांना केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, गंध, विभूती, कुंकू. कोहळा फोडायचा, त्यात कुंकू कालवायचं. त्या दिवशी यंत्र बंद ठेवायचं, आणि एकदा पूजा मांडली की दुसऱ्या दिवशीच्या उत्तरपूजेपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही.

बाईंनी आठवडाभर आधी लेखी दिलं होतं की हे यंत्र बंद होणार नाही आणि त्याला गंध लावू नये. साहेब म्हणाले होते, "ओके, ओके, ओन्ली फ्लॉवर्स." बाईंनी विश्वास ठेवला. पुढे जोडून सुट्ट्या म्हणून आदल्या संध्याकाळीच धुतलेला फिल्टर लावला, काढलेला घरी नेऊन, धुऊन दोरीवर टाकला, आणि सकाळी रेशमी साडी नेसून हजर झाल्या. मजल्यावर कायम नोकरीतल्या त्या एकट्याच बाई, म्हणून प्रसादाची ताटं आणायला त्यांनाच खाली पाठवलं. अर्धा तास गेला.

परत आल्या तर खोलीत उभं राहायला जागा नाही. उदबत्त्यांचा धूर, कापूर, टेबलाच्या चारी पायांना केळीची पानं. आणि संगणकावर नवं लाल वस्त्र, वर झेंडूची माळ, आणि समोर, बरोबर फिल्टरच्या मधोमध, विभूतीचे तीन रुंद पट्टे, त्यावर तळहाताएवढा गंधाचा लेप आणि लेपावर कुंकू. लेप ओला होता आणि नायलॉनच्या विणीत छान मुरला होता.

हे काम नागनाथअण्णांचं. ते मजल्यावरचे सगळ्यात जुने मेकॅनिक, आणि पूजा दरवर्षी त्यांच्याच हातची. आनंदाने फुललेल्या चेहऱ्याने ते कानडीत म्हणाले,

"अक्का, बघा. मुख्य पूजा तुमच्याच मशीनची केली. बाकीच्यांना बोटभर गंध, याला स्वल्प जास्त. तुमचे हजार तास नीट व्हायला पाहिजेत ना!"

माणसानं मनापासून केलं होतं, त्याच्यावर काय ओरडणार? बाईंनी पडद्याकडे बघितलं. त्रेचाळीस.

त्या साहेबांकडे वळल्या. साहेब नवं धोतर नेसून, हात जोडून आरतीला उभे होते.

"सर, काइंडली सी. द फिल्टर इज ब्लॉक्ड. टेंपरेचर इज गोइंग अप."

"आफ्टर उत्तरपूजा," साहेब हळूच म्हणाले. "टुमारो. इट इज गॉड्स डे, मिसेस मुधोळकर. नथिंग विल हॅपन."

"सर, बट..."

"प्लीज. डोन्ट क्रिएट अ सीन."

चव्वेचाळीस. सगळे टाळ्या वाजवत होते, खिडकीशी कुणीतरी कोहळा आपटला, कुंकवाचा लाल धुरळा उडाला आणि हवेत तरंगत राहिला. तेवढ्यात दाराशी खसखस आवाज आला. चंद्राबाई. सणाची नवी जांभळी साडी नेसून ती वाकून कोरड्या झाडूने पाकळ्या आणि कुंकू गोळा करत होती.

आणि बाई तुटून पडल्या. आरती थांबली. चंद्राबाईच्या आईबापांपासून तिच्या झाडूपर्यंत एकही गोष्ट त्यांनी सोडली नाही. तुला लाज कशी नाही, तुला अक्कल कधी येणार, तुझ्यामुळे माझी अठरा वर्षं मातीत चालली आहेत! कुणाला मराठी कळत नव्हती, पण सगळे खाली बघत होते.

चंद्राबाई सरळ उभी राहिली. या वेळी तिने मान खाली घातली नाही.

"झालं काय बाई बोलून?" ती म्हणाली. "आता माझं ऐका. ओलं फडकं फडकं करताय, पानी कुठाय? ह्या माळ्यावरच्या मोरीला कुलूप हाय. कवातरी नळ उघडा ऱ्हायला आन् खालच्या खोलीत पानी गेलं, तवापास्नं. दोन वर्सं झाली. किल्ली सायबाच्या कपाटात हाय. खालनं बादली आनली तर ठेकेदार म्हनतो जिन्यात पानी सांडतंय, हजेरी कापतो. मी काय थुंकीनं फरशी पुसू?"

चंद्राबाईने झाडूचं टोक पूजेकडे केलं.

"आन् आज ही समदी मंडळी धूळ टाकत्यात. त्या डब्याचं नाक ह्यांनी लिंपलं, मी न्हाई. त्यांना तुमी काय म्हनालासा? सर सर म्हनालासा. मला मराठी कळतंय न्हवं, म्हून रोज मलाच."

ती एवढंच बोलली, आणि ते बाईंच्या थेट कानाखाली बसलं. अठरा वर्षांत त्यांना कुणी इतकं खरं बोललं नव्हतं. चेहरा तापला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचा त्यांना स्वतःचाच इतका संताप आला की पुढचं सगळं त्या संतापातच घडलं.

सत्तेचाळीस.

त्या गर्रकन वळल्या आणि पद्मनाभ साहेबांना मराठीत म्हणाल्या, खणखणीत, सगळा मजला ऐकेल अशा आवाजात, "साहेब, देव यात आहे की नाही मला माहीत नाही, पण हवा जायला पाहिजे हे मला माहीत आहे! नळाला कुलूप घालून धूळ झाडायला सांगता, एसी पाहुण्यांना देता आणि यंत्र मेलं की मला तिकिटं चिकटवायला पाठवता? अठरा वर्षं मी सर म्हणतेय. पुरे झालं!"

साहेबांना मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. पण त्यांना सगळं कळलं, कारण ते एक पाऊल मागे सरले.

बाईंनी माळ दूर केली, लाल वस्त्र काढलं आणि चौकट ओढून काढली. खोलीत सगळ्यांनी एकदम श्वास आत घेतला. मांडलेल्या पूजेला हात! नागनाथअण्णांनी डोळे मिटून घेतले. पडद्यावरचा आकडा अठ्ठेचाळीसवर थबकला आणि उतरायला लागला. पण समोरच्या फटी आता उघड्या होत्या आणि हवेत कुंकू, राख आणि कुंपणापलीकडची तांबडी माती. असं दोन दिवस राहिलं तर पात्यांवर पुन्हा गोधडी. दुसरा फिल्टर घरी, कोरमंगल्याला, दोरीवर. बाईंनी स्वतःच्या अंगावरची साडी चाचपली. रेशीम, घट्ट विणीचं. पंच्याची गत झाली असती.

मागून टर्रकन आवाज झाला. चंद्राबाईने नव्या जांभळ्या साडीच्या पदराला दातांनी चीर पाडली होती. पुढचं तिने हाताने फाडलं, हातभर, सरळ.

"नायलनच हाय," ती म्हणाली. "घ्या. तोंड काय बघताय?"

"अगं, नवी साडी..."

"फाटली की आता. लावा लौकर."

दोघींनी मिळून तो चौकटीवर लावला. एकीने धरलं, दुसरीने खिळे काढून पुन्हा ठोकले, कापूर कुटायला आणलेल्या बत्त्याने, कारण हातोड्यांचीही पूजा मांडलेली होती. एक उभा पदर, एक तिरपा. आकडा एकेचाळीसवर येऊन थांबला. झडप उघडबंद होत होती, एक मिनिटही चुकलं नव्हतं. बाईंना चंद्राबाईशी काहीतरी बोलायचं होतं, पण माफी मागायची सवय नसलेल्या माणसाला ती शोधायला वेळ लागतो. शोधेपर्यंत चंद्राबाई फाटका पदर कमरेला खोचून निघून गेली होती.

सुट्ट्या संपल्यावर सोमवारी सकाळी नऊ वाजता बाई दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. घरून तिच्यासाठी साडी आणली होती, आणि दोन वाक्यं पाठ करून आणली होती. झाडू घेऊन आली ती दुसरीच कुणी बाई, तरुण, तमिळ बोलणारी.

चौकशी केली तेव्हा कळलं की चंद्राबाईला काढलं. तिने पूजा बाटवली, अशी तक्रार गेली होती. पूजेला हात लावला सुलभाबाईंनी, साहेबांवर ओरडल्या सुलभाबाई, पण त्या पडल्या कायम नोकरीतल्या. त्यांना काढायचं तर चौकशी समिती, कागदपत्रं, युनियन. ठेकेदाराच्या बाईला काढायला एक फोन पुरतो. तक्रार कुणी केली हे कागदावर नव्हतं. नागनाथअण्णांनी नव्हती केली, त्यांनी तर बाईंसमोर कानाला हात लावून सांगितलं. मग उरलं कोण, हे शेंबड्या पोरालाही कळावं.

बाईंनी अर्ज लिहिला, इंग्रजीत, की चंद्राबाईला परत घ्यावं आणि मोरीचं कुलूप काढावं. उत्तर नाही. दुसरा लिहिला. साहेब म्हणाले, "इट इज द कॉन्ट्रॅक्टर्स मॅटर." तिसरा अर्ज थेट संचालकांना लिहिला, तो फिरून साहेबांच्याच टेबलावर आला. मोरीचं कुलूप तसंच होतं. नवी बाई कोरड्या झाडूनं धूळ उडवायची, आणि आता सुलभाबाई तिला एक शब्द बोलत नसत. संध्याकाळी घरीही बोलत नसत. पद्माकररावांनी दोनदा वर्तमानपत्र खाली करून बघितलं.

चाळिसाव्या दिवशी, नऊशे चाळीस तास झाले असताना, पद्मनाभ साहेब खोलीत आले. फार खुशीत होते. तीन दिवसांनी रेल्वेचे लोक यायचे होते, संचालक यायचे होते, हार आणि चहा ठरला होता. विभाग वाचला होता, आणि विभागाबरोबर साहेबही वाचले होते. संगणकावर थोपटून ते म्हणाले, "व्हेरी रिलायबल मशीन."

बाई उठल्या. भिंतीवर मुख्य बटण होतं, ज्याच्यावरून तो संगणक आणि ती झडप चालत होती. बाईंनी त्या बटणावर बोट ठेवलं.

"मिसेस मुधोळकर?"

"चंद्राबाई," बाई म्हणाल्या. या वेळी त्या ओरडल्या नाहीत. सावकाश, मराठीतच बोलल्या. "उद्या सकाळी ती इथे पाहिजे. आणि मोरीची किल्ली. नाहीतर मी हे बंद करते."

साहेब हसले. मग त्यांनी बोटाकडे बघितलं. चार महिने या बाईने त्या डब्याला तान्ह्या पोरासारखं जपलं होतं, आठवड्यातून दोनदा त्याची जाळी धुतली होती, त्याचे आकडे तिच्या झोपेत येत असणार. आणि आता तिचं बोट त्या बटणावर होतं.

"यू विल लूज युवर जॉब," साहेब म्हणाले.

"तुमची पण जाईल," बाई म्हणाल्या. "मला तिकिटं चिकटवता येतात. तुम्हाला येतात का?"

साहेबांना कितपत कळलं देव जाणे. पण ते वळून कोपऱ्यातल्या टेलिफोनकडे गेले. ठेकेदाराशी ते कानडीत बोलले, हळू आवाजात, नेहमीसारखेच. बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. फोन ठेवेपर्यंत त्यांनी बोट काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुलभाबाई मुद्दाम दहा मिनिटं आधी आल्या. हातात साडीची पिशवी, पाठ केलेली दोन वाक्यं ओठांवर. तिसऱ्या मजल्यावरच्या मोरीचं दार सताड उघडं होतं आणि नळाखाली बादली भरत होती. बाई लगबगीने खोलीच्या दारातून आत शिरणार, तोच आतून आवाज आला, असा की त्यांचे पाय जागीच थबकले.

"ओ बाई! डोळं हायत का बटनं? चपला भायेर काढा! आत्ताच पुसलंय!"

बाईंनी चपला बाहेर काढल्या, आणि फरशी वाळेपर्यंत दारातच उभ्या राहिल्या.